पंधरा विभक्तींचा बाऊ

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे पत्र फिनलंडमधील तांपेरे शहराहून आले. तेथील विद्यापीठात ती उच्च शिक्षणासाठी गेली आहे. बर्फाचे व अंधाराचे वर्णन दोन ओळींत आटोपून तिने पुढे जे लिहिले, ते वाचून आम्ही भाषाशिक्षक थोडे खजील झालो.

जाण्यापूर्वीच तिने फिन्निश भाषेच्या पंधरा विभक्तींचा तक्ता मुखोद्गत केला होता. आमच्या वर्गात 'रामः रामौ रामाः' ज्या धाटणीने म्हटले जाते, त्याच धाटणीने 'तालो' म्हणजे 'घर' या शब्दाची पंधराही रूपे ती एका दमात म्हणू शके. भाषावर्गाच्या पहिल्याच आठवड्यात शिक्षिकेने तिला विचारले, "सकाळी तू कोठे जातेस?" 'मी शाळेत जाते' असे सांगावे म्हणून ती म्हणाली, "मेनेन कोउलुस्सा." वर्गात हसू उमटले. 'कोउलुस्सा' म्हणजे शाळेच्या आत असलेली. जावयाचे असेल तर 'कोउलुउन' म्हटले पाहिजे. दोन्ही रूपे तक्त्यात होती, दोन्ही तिला पाठ होती. परंतु जीभ मराठीच्या वाटेने गेली. कारण मराठीत आपण शाळेत असतो, आणि जातोही शाळेतच. "सर, तुम्ही आम्हांला रूपे पाठ करायला लावलीत," ती लिहिते, "पण कोणते रूप कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे कधी विचारायला लावले नाहीत."

हा आरोप आम्हांस मान्य करणे भाग आहे. तो केवळ फिन्निश भाषेपुरता नाही. परंतु फिन्निशच्या निमित्ताने तो जितका स्पष्ट दिसतो, तितका एरवी दिसला नसता. म्हणून बेळगावच्या एका मराठी शाळेच्या वार्षिकात आम्ही दूरच्या उत्तरेकडील एका भाषेच्या व्याकरणाचा विषय काढीत आहोत. शिवाय आपली मुले आता त्या देशी शिक्षणासाठी व नोकरीसाठी जाऊ लागली आहेत, आणि तेथे कायमचे नागरिक व्हावयाचे तर फिन्निश किंवा स्वीडिश भाषेचे ज्ञान सिद्ध करावे लागते. तेव्हा हा प्रश्न केवळ पांडित्याचा राहिलेला नाही.

फिन्निश ही सुमारे ५६ लाख वस्तीच्या फिनलंड देशाची भाषा. युरोपात असूनही ती आपल्या किंवा इंग्रजांच्या भाषाकुलातील नव्हे. एस्टोनियाची भाषा तिची जवळची बहीण, आणि हंगेरीची दूरची. तिच्याविषयी पहिली गोष्ट ऐकू येते ती एकच : तिला पंधरा विभक्ती आहेत. हा आकडा ऐकूनच निम्मे विद्यार्थी पुस्तक मिटतात. आमचे स्पष्ट मत असे आहे की, या आकड्याचा बाऊ व्यर्थ आहे, आणि तो पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या पानावरील तक्त्याने निर्माण केलेला आहे.

आपल्या मराठीत विभक्ती किती? आम्ही वर्गात आठ सांगतो, कारण संस्कृतात तितक्या मोजल्या जातात. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे. तेव्हापासून आजतागायत मराठीतील विभक्तिप्रत्यय कोणते आणि शब्दयोगी अव्यये कोणती, हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. 'घरात' ही सप्तमी, परंतु 'घरावर' ही विभक्ती नव्हे, असे आम्ही फळ्यावर लिहितो. मूल मात्र दोन्ही शब्द सारख्याच सहजतेने बोलते. घरात, घरातून, घरावर, घरावरून, घरापाशी, घरापासून, घराकडे, घराकडून, घरापर्यंत, घराविना : शेवटी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यास विभक्ती म्हणावयाचे ठरविले, तर मराठीची संख्या पंधरावर थांबेल काय? आणि तरीही मराठीच्या विभक्तींना भिऊन कोणी पाच वर्षांचे मूल मुके राहिल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. फिन्निश प्रत्ययांस विभक्ती म्हणण्यास तेथील वैयाकरणांजवळ सबळ कारण आहे. आपण 'मोठ्या घरात' म्हणतो. विशेषणाचे केवळ सामान्यरूप होते आणि 'त' एकदाच लागतो. फिन्निशमध्ये 'इसोस्सा तालोस्सा' म्हणावे लागते, म्हणजे जणू 'मोठ्यात घरात'. विशेषणासही तोच प्रत्यय. हा भेद लहान नाही, आणि त्यात आमचे विद्यार्थी चुकणारच. परंतु तो आकड्याचा भेद नव्हे.

आता त्या पंधरांकडे जरा जवळून पाहू. 'तालोस्सा' म्हणजे घरात, 'तालोस्ता' घरातून, 'तालोओन' घराच्या आत जाण्यास. 'तालोल्ला' घरापाशी, 'तालोल्ता' घरापासून, 'तालोल्ले' घराकडे. (लिपीविषयी एक खुलासा : या भाषेत ह्रस्व-दीर्घाने अर्थ पालटतो. 'तुलि' म्हणजे विस्तव, 'तूलि' म्हणजे वारा, आणि 'तुल्लि' म्हणजे जकात. जेथे आपल्या लिपीत वेगळे चिन्ह नाही, तेथे दीर्घ स्वर आम्ही दोनदा लिहिला आहे. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापले म्हणून आमच्यावर रुसणाऱ्यांनी विस्तव आणि वारा यांचा विचार करावा.) सहाही रूपे एकत्र ठेवून पाहिली की लक्षात येते, हे सहा निरनिराळे प्रत्यय नव्हेतच. 'स' हा आतल्या बाजूचा, 'ल' हा बाहेरच्या किंवा लगतच्या बाजूचा. आणि प्रत्येकास तीनच प्रश्न : कोठे आहे, कोठून निघाला, कोठे चालला. भाषेचा इतिहास अभ्यासणारे सांगतात की 'स्ता' व 'ल्ता' यांतील 'ता' हा वियोग दाखविणारा जुना प्रत्यय होय, आणि तो 'स' आणि 'ल' यांच्यावर चढलेला आहे. आपल्या 'घरातून'मध्ये 'त'वर 'ऊन' चढतो, 'घरावरून'मध्ये 'वर'वर चढतो, रचना तीच. ज्याने 'पेटीतून' आणि 'पेटीवरून' यांतील फरक आईच्या मांडीवर शिकला, त्यास 'स्ता' आणि 'ल्ता' समजावून सांगण्यास किती वेळ लागावा?

तथापि मराठी जेथे साथ सोडते, ती जागा आमच्या विद्यार्थिनीने नेमकी ओळखली. आपला 'त' राहण्यासही चालतो आणि जाण्यासही. गंमत अशी की तिला ही चूक उमजली ती मराठीमुळे नव्हे, तर लहानपणी गल्लीत खेळताना कानी पडलेल्या कन्नडमुळे. कन्नडमध्ये 'शालेयल्लि' म्हणजे शाळेत असणे, 'शालेगे' म्हणजे शाळेला जाणे, 'शालेयिंद' म्हणजे शाळेतून येणे. तीन प्रश्न, तीन रूपे. शेजारच्या भाषेने तिला तो धडा कधीच दिला होता. तो कोणी उघडून दाखविला नव्हता एवढेच. एकोणिसाव्या शतकात कॉल्डवेल या पंडिताने १८५६ च्या आपल्या ग्रंथात द्राविड भाषांचे नाते फिन्निशसारख्या भाषांशी जोडू पाहिले होते. ते नाते आज विद्वानांत मान्य नाही, आणि साम्य म्हणजे सोयरीक नव्हे हे आम्हीही जाणतो. परंतु शिकणाऱ्यास सोयरीक नको असते, त्यास हाताशी आलेला आधार पुरतो. सीमेवरील आपल्या मुलांच्या कानांत दोन भाषा असतात. त्यांतील एकीने दुसरी बिघडते अशी तक्रार आम्ही शिक्षकच वारंवार करतो. ही तक्रार करण्यापूर्वी आम्ही या पत्राचा विचार करावयास हवा.

उरलेल्या विभक्तींपैकी तीन तर पाहुण्यासारख्या आहेत. 'शिवाय', 'सह' आणि 'साधनाने' अशा अर्थाच्या या तिन्ही विभक्ती बहुतेक लिखाणात वा ठरीव शब्दप्रयोगांतच भेटतात. 'ओमिन सिल्मिन' म्हणजे 'स्वतःच्या डोळ्यांनी' हा प्रयोग आख्खा लक्षात ठेवला की त्या विभक्तीचे बरेचसे काम भागते. पहिल्या वर्षी यांच्यासाठी विद्यार्थ्याचा एक तासही खर्ची पडू नये असे आम्हांस वाटते. आणखी दोन विभक्ती अवस्थेच्या : शिक्षक 'म्हणून' असणे निराळे, शिक्षक 'होणे' निराळे. एवढे सांगितले की पुरे.

मग फिन्निश सोपी आहे काय? मुळीच नाही. आमची तक्रार अशी की, तक्त्यावर श्रम वाया गेल्याने खऱ्या अवघड स्थळी पोहोचेपर्यंत विद्यार्थी थकलेला असतो. ही खरी अवघड स्थळे आमच्या मते दोन.

पहिले स्थळ शब्दाच्या अंगाचे. 'कातु' म्हणजे रस्ता. रस्त्यावर म्हणावयाचे तर 'कादुल्ला'. 'त'चा 'द' झाला. 'वेसि' म्हणजे पाणी. पाण्यात म्हणजे 'वेदेस्सॅ'. हेल्सिंकि शहरात म्हणजे 'हेल्सिंगिस्सॅ', तुर्कु शहरात म्हणजे 'तुरुस्सा', तेथे 'क' अजिबात गळाला. शिवाय शब्दातील स्वर पाहून प्रत्ययाचा 'आ' किंवा 'ॲ' ठरतो. हे पाहून कपाळास आठ्या घालणाऱ्या मराठी मुलास आम्ही विचारू : माणूस, पण माणसास, विंचू, पण विंचवाने, पुणे, पण पुण्यात, हे तुला कोणी शिकविले? सामान्यरूप या नावाने आपण जे चार गुणांपुरते घोकतो, त्याची किंमत परक्या भाषेपुढे उभे राहिल्यावरच कळते. प्रत्यय पंधरा असोत की पन्नास, ते बहुधा ठरल्याप्रमाणे लागतात. ज्यास ते लागावयाचे तो शब्द मात्र जागेवर राहत नाही. म्हणून कोशातील एकट्या रूपाबरोबर 'कादुन', 'वेदेन' हे षष्ठीसारखे रूपही त्याच दिवशी शिकावे. आणि मग तांपेरेच्या रहिवाशांचा हट्टही सोसावा. हेल्सिंकिच्या 'आत' राहतात, परंतु तांपेरेच्या 'पाशी', म्हणजे 'तांपेरेएल्ला'. असे का, याला ठाम नियम नाही. गावोगावची रूढी आहे. गावाच्या नावास काय लावावयाचे, हे गावकऱ्यांस विचारूनच कळते.

दुसरे स्थळ अधिक खोल आहे, आणि ते तक्त्यात केवळ एका ओळीत बसविलेले असते. 'अंशवाचक' असे त्या विभक्तीस म्हणता येईल. 'युओन काह्विआ' म्हणजे मी कॉफी पितो आहे, त्या कॉफीतील काही. 'युओन काह्विन' म्हणजे मी ती कॉफी पिऊन संपवितो. 'लुएन किर्याआ', मी पुस्तक वाचतो आहे. 'लुएन किर्यान', मी ते पुस्तक वाचून काढीन. दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच, काळ एकच. फिन्निशला स्वतंत्र भविष्यकाळ नाही. काम पुरे होणार की नाही, हे कर्माची विभक्ती सांगते. व्याकरणाच्या पुस्तकांत अस्वलाचे एक प्रसिद्ध उदाहरण असते. 'आम्मुइन कार्हुन' म्हटले तर अस्वल गोळीने मेले. 'आम्मुइन कार्हुआ' म्हटले तर गोळी झाडली खरी, परंतु अस्वल अद्याप जिवंत असण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि ऐकणाऱ्याने पळावे हे बरे. नकार आला की कर्म अंशवाचकच होते, कारण जे घडलेच नाही ते पुरे कसे होणार? 'तुझ्यावर प्रेम करतो' हेही त्याच विभक्तीने म्हणतात. संख्येनंतरही तीच : 'कोल्मे तालोआ', तीन घरे, आणि तेथे 'घर' एकवचनीच राहते.

आपण हाच भेद क्रियापदाच्या जोडीने दाखवितो : वाचणे आणि वाचून काढणे, खाणे आणि खाऊन टाकणे. अर्थाची जाणीव आपल्याजवळ आहे, केवळ ती वाक्यात दुसऱ्या ठिकाणी राहते. हे सांगण्यास फळा, खडू आणि पाऊण तास पुरे. परंतु पंधरा ओळींच्या तक्त्यातील तिसरी ओळ म्हणून ते शिकविले, तर जन्मभर पुरणार नाही.

क्रियापदांविषयी पुस्तके सहा गणांची भीती घालतात. ते गण वाचता वाचता अंगवळणी पडतात, म्हणून त्यांविषयी आम्ही फार लिहीत नाही. परंतु नकाराची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 'पुहुन' म्हणजे मी बोलतो, 'पुहुत' म्हणजे तू बोलतोस. नकार द्यावयाचा झाला की पुरुषाचा प्रत्यय मूळ क्रियापदावरून उठून नकारावर जाऊन बसतो : एन पुहु, एत पुहु, एइ पुहु, एम्मे पुहु, एत्ते पुहु, एइवॅत पुहु. 'पुहु' जागचे हलत नाही. 'नाही' चालविले जाते. इंग्रजीतून शिकणाऱ्यास हे चमत्कारिक वाटते. आपण मात्र 'तू बोलत नाहीस, ते बोलत नाहीत' असे रोज म्हणतो. आपलेही 'नाही' पुरुष व वचन अंगावर घेते. आमची विद्यार्थिनी लिहिते की वर्गातील इतर देशांची मुले येथे अडखळत असता ती एकटीच पुढे निघून गेली, आणि त्या दिवशी मराठीने तिला प्रथमच गुण मिळवून दिले.

त्याचप्रमाणे क्रियापदापासून बनलेले नाम. 'मेनेन लुकेमाआन', वाचायला जातो. 'ओलेन लुकेमास्सा', वाचण्यात आहे. 'तुलेन लुकेमास्ता', वाचून येतो. 'लुकेमात्ता', न वाचता. घरास लागलेले तेच प्रत्यय क्रियेसही लागतात, आणि तेच तीन प्रश्न पुन्हा उभे राहतात. ज्याने ते प्रश्न घरापाशी शिकले, त्यास क्रियापदापाशी नवे काही शिकावयाचे उरत नाही. ज्याने तक्ता शिकला, त्यास मात्र दुसरा तक्ता घ्यावा लागतो.

आमचे एक ज्येष्ठ संस्कृत शिक्षक यावर म्हणाले की, तक्ता पाठ होता म्हणूनच तिला आपली चूक क्षणात कळली. ज्यास रूपेच ठाऊक नाहीत, त्यास शिक्षिका कितीही हसली तरी कळणार काय? या आक्षेपात तथ्य आहे. पाठांतर टाकून द्यावे असे आमचे म्हणणे नाही, आणि संस्कृताच्या तासाविरुद्ध तर आमची मुळीच कुरकुर नाही. परंतु तक्ता ज्यांनी रचला, त्यांनी तो शिकणाऱ्यासाठी रचला नव्हता, हे विसरले जाते. फिन्निशचे पहिले व्याकरण एस्किल पेत्रेउस याने १६४९ मध्ये लिहिले, तेही लॅटिन भाषेत व लॅटिन व्याकरणाच्या घाटाचे. आपलेही व्याकरण असेच संस्कृताच्या आणि इंग्रजीच्या साच्यातून निघाले. पुढे दोन शतके फिनलंडमध्ये शाळेची व कचेरीची भाषा स्वीडिशच राहिली. युवॅस्क्युलॅ येथे १८५८ मध्ये पहिले फिन्निश माध्यमाचे विद्यालय निघाले, आणि १८६३ मध्ये रशियाच्या सम्राटाच्या आज्ञेने वीस वर्षांच्या आत फिन्निशला कचेऱ्यांतून स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान द्यावयाचे ठरले. मातृभाषेच्या शाळेत बसलेल्या या मुलांना भाषा अवगतच होती. व्याकरणाचा तक्ता हा त्यांच्यासाठी आपल्याच घराचा नकाशा होता. परक्याच्या हाती तोच नकाशा देऊन 'आता या घरात राहा' असे म्हणणे कितपत योग्य?

त्या काळच्या फिन्निश वैयाकरणांनी केलेली एक गोष्ट आम्हांस फार आवडली. विभक्तीस ते 'सिया' म्हणतात, म्हणजे जागा. आणि लॅटिन नावांच्या जोडीने त्यांनी स्वभाषेतही नावे घडविली : 'आत असणे', 'आतून वेगळे होणे', 'आत येणे' अशा अर्थांची; अंशवाचकास 'ओसान्तो', भाग या शब्दापासून. आज पुस्तकांत लॅटिन नावेच अधिक दिसतात, ही आमच्या मते हानी आहे. नाव उच्चारताच काम कळावे, अशी ती नावे होती. आपली प्रथमा, द्वितीया, तृतीया ही नावे केवळ अनुक्रमांक आहेत. ती विद्यार्थ्यास काही सांगत नाहीत. अपादान, अधिकरण ही कारकांची नावे पुष्कळ सांगतात, परंतु ती आम्ही सवडीने, परीक्षा जवळ आल्यावर शिकवितो.

म्हणून येत्या वर्षी इयत्ता आठवीस विभक्तींचा तक्ता पहिल्या दिवशी देऊ नये, असा विचार आम्ही भाषाशिक्षकांनी चालविला आहे. आधी मुलांनी 'कोठे, कोठून, कोणीकडे' हे प्रश्न घेऊन मराठी व कन्नड वाक्ये स्वतः गोळा करावीत. तक्ता सहामाहीनंतर, त्यांच्याच वाक्यांतून फळ्यावर उभा राहावा. संस्कृत शिक्षकांची संमती अद्याप मिळावयाची आहे.

पत्राच्या शेवटी आमच्या विद्यार्थिनीने एक प्रश्न धाडला आहे. तिची एक फिन्निश मैत्रीण हौसेने मराठी शिकू लागली असून, 'शाळेत जाते', 'बाजारात जाते', मग 'घरी जाते' असे का, 'घरात' का नव्हे, असे तिने विचारले. आम्ही उत्तर लिहिले आहे ते असे : 'घरी' हे जुन्या सप्तमीचे रूप आहे, इतर शब्दांवरून तो प्रत्यय बहुतेक उतरला, परंतु रोजच्या तोंडच्या या शब्दावर टिकून राहिला. मैत्रिणीस सांगावे की तिच्या भाषेतही 'घरी'स 'कोतोना' म्हणतात, 'कोदिस्सा' नव्हे. तेथला 'ना' असाच स्थळ दाखविणारा जुना प्रत्यय आहे. इतरत्र त्याचा अर्थ पालटला, तो घरी तेवढा राहिला.